हलगी शेकणारे हात

"हलगी शेकणारे हात हे. तबल्याला लावायचे न्हाईत."

गुरुजी असं म्हणाले आणि माझी दोन्ही मनगटं धरून त्यांनी माझे हात वर केले. सगळ्या शाळेला दिसावेत म्हणून. मी चौथीत होते. हाताला काजळी लागलेली. पोरं हसली. मारलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. पण त्यांनी मारलं नाही, नुसते हात दाखवले.

शाळा जिल्हा परिषदेची, सेनगावकडच्या एका गावातली. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, साहेब लोक परभणीहून यायचे. मी तिसरीत असताना शाळेला सरकारी खोकं आलं. त्यात बाजाची पेटी, तबला-डग्गा आणि झांजा. गुरुजींनी ते सगळं लोखंडी कपाटात ठेवलं आणि वर्गात सांगितलं, "जो ही वाद्यं नीट पुसून ठेवील, त्याला आदुगर शिकवू."

मी खरं मानलं. आजच्यासारखं संशयी डोकं तेव्हा नव्हतं.

आम्ही मांगवाड्यातले. बाप हलगी वाजवायचा, लग्नात, मयतीत, पोळ्याला. मला ऐकून ऐकून हात बसला होता, पण पोरीनं हलगीला हात लावायचा नाही. मग मी तेलाच्या रिकाम्या डब्यावर वाजवायची, आई घरात नसताना. शाळेत तबला आला तेव्हा वाटलं, हा तर सरकारनं पाठवलाय, याला पोरीबाळींनी हात लावला तर कोण काय म्हणणार? दर शनिवारी शाळा सुटली की मी थांबायची आणि परकराच्या टोकानं तबला पुसायची. बाकीची पोरं आठ दिवसांत कंटाळली. मी वर्षभर पुसला. शिकवणं काही सुरू झालं नाही. विचारलं की गुरुजी म्हणायचे, "व्हईल, व्हईल."

श्रावणात साहेब येणार असा निरोप आला. सकाळी गुरुजींनी तबल्यावर थाप मारली. थप. पावसाळी ओलीनं कातडं बसलं होतं. ते म्हणाले, "आवाज गेलाय याचा. नीट पूस." आणि हार-नारळाच्या मागे लागले.

कातडं बसलं की काय करायचं, हे आमच्या घरातल्या रांगत्या लेकरालाही ठाऊक. बाप वाळलं गवत पेटवायचा, हलगी त्याच्यावर धरायचा, बोटानं टिचकी मारून बघायचा. शाळेच्या ओसरीत साहेबांच्या चहासाठी तीन दगडांची चूल पेटली होती. मी तबला उचलला आणि जाळावर धरला. मनात म्हटलं, आज गुरुजी खूश होतील. आज शिकवतील.

तबल्याला मधोमध काळी शाई असते, ती हलगीला नसते. हे मला कोण सांगणार? जाळ लागला आणि शाई तडकली. दोन खपल्या माझ्या मांडीवर पडल्या.

त्यानंतर गुरुजींनी माझे हात वर धरले.

साहेब जाईपर्यंत मला शाळेबाहेर काढलं. गेटाबाहेर बाप हलगी घेऊन उभाच होता. साहेबांची गाडी फाट्यावर थांबली की तिथून गेटापर्यंत वाजवत आणायचं, हे त्याचं काम. गेटाच्या आत यायचं नाही, हे कुणी वेगळं सांगायला लागायचं नाही. त्यानं साहेबांना वाजवत आणलं. साहेब आत गेले. बाप गेटाशी थांबला. मीही.

जाळीतून मी बघत होते. पाटलाच्या पोरीला तबल्यासमोर बसवलं होतं. आता ती वाजवील, फुटका आवाज येईल, साहेब विचारतील हे कोणी केलं, आणि बापासमोर माझं नाव निघेल. मी कान देऊन उभी राहिले.

आवाज आलाच नाही. पोरीनं तबल्यावर हात ठेवले, साहेब मागे उभे राहिले, फोटो निघाला. साहेब म्हणाले, "छान, छान." चहा पिऊन गेले.

मला बराच वेळ काही समजेना. मग समजलं. तो तबला वाजावा असं कुणालाच वाटत नव्हतं. नीट असता तरी तसाच फोटो निघाला असता. मग वर्षभर मी काय पुसत होते? त्या दिवसापासून माझ्या मनात जो संशय शिरला तो आजपर्यंत निघालेला नाही, आणि मी काढायच्या खटपटीतही नाही.

पुढं जानेवारीत सव्वीस तारखेला सभापती येणार होते. गुरुजी वर्गात मला म्हणाले, "बापाला सांग, हलगी घेऊन ये."

मी उठून उभी राहिले.

"मी न्हाई सांगणार. तुमीच सांगा. अन् त्याला आत बसवणार का, तेबी सांगा."

गुरुजी म्हणाले, "लई शानी झाली का?" दिवसभर उन्हात उभं केलं. घरी गेल्यावर बापानं वरून मारलं. "तुह्या जिभेपायी माझं वाजवणं बंद करतील ते," म्हणाला. सव्वीस तारखेला तो गेला आणि गेटाशी वाजवून आला. मी त्या दिवशी शाळेत गेले नाही. बापाचा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

मी डी.एड. केलं. दोन हजारनंतर कळमनुरी तालुक्यातल्या एका शाळेवर शिक्षिका म्हणून लागले. वेळापत्रकात शनिवारी एक तास संगीताचा. शिकवणारं कुणी नाही. मीही शिकवू शकत नाही, कारण मला कुणी शिकवलंच नाही. त्या तासाला गणित घ्यायचं, आणि वर्षाच्या शेवटी प्रगतिपत्रकात संगीतापुढं सगळ्यांना 'अ' द्यायचा, अशी रीत.

पहिल्याच वर्षी मी रकाना रिकामा ठेवला. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, 'अ' टाकून द्या. कोन बघून राहिलंय?"

"लेकरं बघतात, सर."

त्यांनी खुलासा मागितला. मी लिहून दिलं, 'या वर्षी संगीत शिकवले गेले नाही. शिक्षक द्यावा.' एक बाप भांडायला आला, "बाई, आमच्या पोरीचं काहून रिकामं ठेवलं?" मी त्याला खुलाशाची नक्कल दिली आणि म्हटलं, तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात जा आणि हेच त्यांना विचारा. तो गेला. उत्तर आलं नाही. तो दुसऱ्यांदा गेला, तेव्हा सोबत आणखी चार आयाबाप होते.

रकाना मी दर वर्षी रिकामाच ठेवते, म्हणून यंदा मला वेतनवाढ रोखण्याची नोटीस आली आहे. रोखू देत. ज्या विषयाचा एक तासही झाला नाही, त्याची श्रेणी माझ्या हातून लिहिली जाणार नाही.