एक जूनची माणसं

उभ्या जालना जिल्ह्यात म्हाताऱ्या माणसांच्या मागे इतकं हात धुऊन लागलेला दुसरा इसम सापडायचा नाही, हे मी मस्तगडातल्या माझ्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात बसून छातीठोकपणे सांगतो. हा इसम म्हणजे माझे थोरले साडू. घनसावंगीकडच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. पोटापाण्यासाठी बेडूक आणि झुरळं, पण जीव जडलेला म्हातारपणावर. एकाच वयाच्या दोन माणसांतला एक खाटेला खिळतो आणि दुसरा डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन तरातरा चालतो, हे असं का, हा एकच प्रश्न त्यांना गेली कित्येक वर्षं पडलेला आहे. देवानं त्यांना दुसरा प्रश्नच दिला नाही. घरात गॅस संपलाय, पोराची फी भरायचीय, असले प्रश्न आमच्या मेव्हणीबाईंकडे.

लग्नात लोक नवरीकडे बघतात, साडू पंगतीकडे बघतात. जेवण झालं की कोणता म्हातारा जमिनीला हात न टेकता उठतो ते पाहायचं आणि खिशातल्या वहीत टिपायचं. दुसऱ्या खिशात मुठीचा जोर मोजायचं यंत्र. आपण मूठ आवळली की काटा फिरतो. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी ते व्याह्यांच्या वडिलांच्या हातात दिलं. म्हातारा जुना पैलवान, त्यानं काटा पार पलीकडं नेला. झालं! ते बघून मांडवातले सगळे म्हातारे रांगेत उभे राहिले. इकडे मंगलाष्टकं सुरू, आणि अक्षता टाकायला वडीलधारं कोणी नाही. मी तणतणत गेलो. म्हटलं, "साडूभाऊ, आवरा ते! इथं माझी अब्रू जाऊन राह्यली." तर म्हणतात, "दम धरा पाव्हणं, बाबांचा डावा हात राह्यलाय."

अशा माणसानं एक दिवस माझ्या दुकानात येऊन सांगितलं की आपण पायलट ग्रँटला अर्ज करतोय. पायलट ग्रँट म्हणजे मोठं संशोधन करण्याआधी लहान प्रमाणात करून बघायला मिळणारे पैसे. बेत असा की कुंभार पिंपळगाव आणि आसपासच्या गावांतली सत्तरीपुढची माणसं घ्यायची, त्यांचा मुठीचा जोर मोजायचा, चालायचा वेग मोजायचा, बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं. रक्तावरून शरीराचं खरं वय कळतं म्हणे. ते वय आणि जगलेली वर्षं ताडून बघायची, की कोण आपल्या वयाहून तरुण राह्यलंय आणि कशानं. इंग्रजीतला तो लांबलचक अर्ज मी टाइप केला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण साडू माझ्या खुर्चीमागे उभं राहून एकेक ओळ अशी वाचायचे की गिऱ्हाईकं आपले कागद विसरून ऐकत राहायची.

अर्ज परत आला. कोण्या तज्ज्ञानं शेरा मारला होता की सोबत जोडलेली यादी विश्वासार्ह वाटत नाही, कारण निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून आहे आणि उरलेल्या निम्म्यांची एक जानेवारी. मी पोट धरून हसलो. साडूंनी आधार कार्डावरून तारखा जशाच्या तशा उतरवल्या होत्या. आमच्याकडे शाळेत गेलेला माणूस एक जूनचा आणि न गेलेला एक जानेवारीचा, यात नवल ते काय? डोक्यावरून हात नेऊन पोराच्या बोटांना पलीकडचा कान लागला की मास्तर त्याला पहिलीत घ्यायचे आणि तारीख आपल्या मनानं एक जून टाकायचे; शाळा न पाहिलेल्याला आधार कार्डवाले एक जानेवारी टाकतात. मीही एक जूनचा, साडूही एक जूनचे. जन्मभर हेच बघितलेलं, त्यामुळे जगात कुणाला हे खटकेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. "त्या साहेबाचं बराबर हाय," ते शांतपणे म्हणाले. "वयावर काम करायचं अन् वयच खोटं लिहायचं, हे कसं चालंल?"

मग वर्षभर हा माणूस मोटारसायकलवर वय शोधत हिंडला. कुंभार पिंपळगावच्या गयाबाईनं सांगितलं, "रझाकाराच्या टायमाला मायनं मला काखंत घेऊन गंगा ओलांडल्ती. मला चालता येत न्हवतं तवा." आमच्याकडे गंगा म्हणजे गोदावरी. एवढ्या एका वाक्यावरून साडूंनी सालाचा हिशेब लावला, आणि तिला काखेत घेऊन येणाऱ्या मायला पाहिलेला दुसरा साक्षीदार शोधून काढला. यादीतले चाँदचाचा म्हणाले, "उमर का क्या है प्रोफेसर, जो अच्छी लगे वो लिख लो." पण साडू ऐकतात होय! चाचांचं लग्न, बहात्तरचा दुष्काळ, थोरल्या पोराचे दुधाचे दात, असं मागं मागं जात चार बैठकांत त्यांनी चाचांना जन्माला घातलं. एका गावात दोन शेजारणी निघाल्या. त्यातली एक दुसरीला जन्मभर आक्का म्हणत पाया पडत आलेली. साडूंच्या हिशेबात पाया पडणारीच थोरली निघाली! दोघींचं बोलणं बंद झालं. साडूंनी तिथं तीन खेपा घातल्या, दोघींना समोरासमोर बसवून चहा पाजला आणि कबूल केलं की माझा हिशेब दोन-चार महिन्यांनी चुकू शकतो. कामापायी भांडण लागलं याचं त्यांना फार वाईट वाटलं होतं.

पण त्याच वर्षात यादीतली सात माणसं गेली. साडू प्रत्येकाच्या मातीला गेले. गावावरून परस्पर दुकानात यायचे आणि म्हणायचे, "पाव्हणं, एक नाव खाली घ्या." पुसू द्यायचे नाहीत. यादीच्या तळाशी एक रेघ मारून ठेवली होती, तिच्याखाली ते नाव न्यायचं. मी ते नाव रेघेखाली नेऊन यादी नव्यानं छापून द्यायचो.

दुसरा अर्ज मात्र आवडला. तज्ज्ञांनी माझ्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर साडूंची मुलाखत घेतली. वय शोधायच्या रीतीचं कौतुक केलं आणि शेवटी नियम सांगितला की प्रमुख संशोधकाची नोकरी निदान दोन वर्षं शिल्लक पाहिजे. साडू तर त्याच मे महिन्यात निवृत्त होणार होते! तेही कागदावर. खरं म्हणजे पहिलीत पोरं कमी पडली म्हणून त्यांच्या मास्तरांनी त्यांचं वय दोन वर्षं वाढवून लिहिलं होतं. साक्षीपुराव्यानिशी त्यांनी आपलंही वय काढलेलं होतं, पण दाखल्यापुढे साक्षीला कोण विचारतो? साहेब लोक चांगले होते. म्हणाले, तारीख दुरुस्त करून पुढच्या वर्षी या, किंवा तुमच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव द्या.

मी भडकलो. "द्या अर्ज कोर्टात! वर्ष जाईल तर जाईल, पण हे काम तुमचं हाय. दुसऱ्याचं नाव बिलकुल घालायचं न्हाई." साडू यादीकडे बघत होते. रेघेच्या खालचा भाग पहिल्यापेक्षा लांबला होता.

"माझ्यापाशी वर्ष हाय, पाव्हणं," ते म्हणाले. "ह्यांच्यापाशी न्हाई."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कॉलेजातल्या एका तरुण प्राध्यापिकेचं नाव दिलं. त्या बाई रडायला लागल्या, नको नको म्हणाल्या. साडूंनी त्यांना मुठीचा जोर मोजायचं यंत्र, वह्या, गावागावातल्या लोकांचे फोन नंबर, सगळं बांधून दिलं. मंजुरीचं पत्र मी छापलं. दोन पानांत साडूंचं नाव कुठेच नव्हतं. मेव्हणीबाई म्हणाल्या, "एवढं उन्हातान्हात हिंडलात अन् नाव कुठंय तुमचं?" साडू म्हणाले, "गावात समदे वळखतात की मला." मला त्या पत्राचा राग आला होता आणि आजही आहे.

कामाचा पहिला दिवस कुंभार पिंपळगावच्या शाळेत होता. संमतीचे फॉर्म घेऊन मीही गेलो होतो. साडू निवृत्त झालेले, बाई टेबलाशी, आणि साडू खाली जमिनीवर बसून एकेका म्हातारीचा हात धरतायत, कारण सुईला सगळ्याच भ्यायच्या. गयाबाईनं डोळे मिटून बोट पुढं केलं. थेंब काढून झाल्यावर तिनं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि साडूंना विचारलं, "तुझं न्हाई का रं घेत रगत?"

"माझं न्हाई चालत काकू," साडू म्हणाले. "मी लहान हाय अजून."

"हां, मंग बस तसाच," असं म्हणत गयाबाईनं त्यांच्या पांढऱ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि ते मान खाली घालून तसेच बसून राहिले. मला काही तिथं थांबवेना. मी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.