सव्वीस नंबरचा दिवा

घरच्या हीटिंगचं रीडिंग मी दर रविवारी वहीत लिहितो. बायको हसते. पण न मोजलेल्या गोष्टीवर माझा विश्वास नाही, आणि भुताखेतांवर तर नाहीच. म्हणूनच हे लिहायला जड जातंय...

मी जर्मनीतल्या एश्बॉर्नमधल्या एका ऑफिसात तांत्रिक तपासणीचं काम करतो. इथले तुरुंग सरकारी, पण एका तुरुंगात स्वयंपाक, देखभाल आणि कंट्रोल रूम खाजगी कंपनीकडे आहे. चाव्या मात्र सरकारी पहारेकऱ्याकडेच. कैद्याने कोठडीतलं मदतीचं बटण दाबलं की कंपनीच्या पॅनलवर दिवा लागतो. प्रत्येक हाकेला तीन मिनिटांत उत्तर, असा कंपनीचा दावा. तो तपासून मी सही करायची होती.

सकाळचे ११.२०. पॅनलवर बसणाऱ्या फ्राउ लांगे नोंदी दाखवत होत्या.

"वेळ कधीपासून मोजता?"

"आल्झो... म्हणजे, आम्ही कॉल स्वीकारला की तिथून."

"आणि बटण दाबल्यापासून स्वीकारेपर्यंतचा वेळ?"

"तो करारात नाही, हेर जोशी."

तेवढ्यात २६ चा दिवा लागला. "ती कोठडी रिकामी आहे, वायरही तोडलीय," म्हणत त्यांनी तो बंद केला. परत लागला. असं तीनदा.

"उघडून बघू या."

"रिकामी खोली बघायला पहारेकरी बोलावू? हसेल तो मला."

"हसू दे. बिघडलेल्या पॅनलवर मी सही करत नाही."

पहारेकऱ्याने २६ उघडली. खाटसुद्धा नव्हती. बटणाच्या जागी भोक, वायरची टोकं टेपने गुंडाळलेली. मी मीटर लावला – शून्य.

आणि शेजारच्या २७ मधून भिंतीवर नखं घासल्यासारखा आवाज आला.

पहारेकऱ्याने तीही उघडली. आत साठीचा एक कैदी जमिनीवर, ओठ निळे, हात वर करून अजून बटण दाबतोय. अँब्युलन्स आली. माणूस वाचला.

पॅनलवर २७ चा दिवा एकदाही लागला नव्हता. मी विचारलं तेव्हा फ्राउ लांगे सहज म्हणाल्या, "तो उठसूट दाबतो. अशांना आम्ही म्यूट करतो, नाहीतर सरासरी बिघडते." म्यूट केलेल्यांची फाइल वेगळी होती. त्यात त्याचं पहिलं बटण १०.३९ ला. म्हणजे २६ चा दिवा लागण्याआधी एक्केचाळीस मिनिटं.

मी सही केली नाही. २६ ची वायर पॅनलपर्यंत दोनदा तपासली. ती कुठेच जोडलेली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा अहवालात लिहिलं – कारण अज्ञात. आजही अज्ञातच आहे.

पंधरा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. म्यूटबद्दल एक अक्षर नाही. फक्त एक ओळ: "दोष दुरुस्त. २६ चा दिवा पॅनलवरून काढून टाकला आहे."