सिगारी फिरवायच्या नसतात

मुकुंदवाडीत आमची पत्र्याची एक खोली होती आणि त्या खोलीत गारव्याचा एकच कोपरा होता, मोरीजवळचा. तो आम्हा भावंडांपैकी कुणालाच कधी मिळाला नाही. तिथं पानांची करंडी असायची. वडिलांची स्टेशनबाहेर पानटपरी. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, त्यात आधी पानांवरचं तरट भिजायचं, मग आमच्या अंघोळी. उन्हाळ्यात आम्ही घामोळ्या खाजवत पडायचो आणि नागवेलीची पानं ओल्या तरटात झोपायची. आई रोज पहाटे करंडी उपसून एकेक पान फिरवायची, नासलेलं काढून टाकायची. एक नासकं पान अख्खी करंडी घेऊन जातं, आणि करंडी गेली की आठवडाभर वरण पातळ. फिरवायला मीही शिकले. समोर पुस्तक, हात करंडीत. तशीच मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. हे मी कुठंही सांगते, आणि सांगताना आवाज खाली करत नाही.

नंतर जालना रोडवरच्या एका हॉटेलात स्टोअर सांभाळायची नोकरी लागली. सहा महिने बघणार, मग कायम करायचं का ते ठरवणार. पाचव्या महिन्यात, ऐन एप्रिलात, मॅनेजरसाहेबांनी माझ्यापुढं एक खोकं ठेवलं. आत ॲल्युमिनियमच्या चाळीस नळ्या. प्रत्येक नळीला फिरकीचं झाकण, आत लाकडाच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली एकेक सिगार.

"जूनच्या सुरुवातीला एका कंपनीचे परदेशी पाहुणे येताहेत, त्यांच्यासाठी," साहेब म्हणाले. "नळी काही हवाबंद नसते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आतल्या आत वाळून जाईल. झाकणं काढा आणि नळ्या या लाकडी पेटीत ठेवा. आतला दमटपणाचा काटा पासष्ट ते सत्तरच्या मधे राहिला पाहिजे. जमेल ना?"

"पानटपरीवाल्याची मुलगी आहे साहेब. पान कसं सांभाळायचं ते मला नका सांगू."

मी हसतच म्हणाले, पण म्हणाले.

पेटीला वरून काच होती. काटा बाहेरून दिसायचा. पण नुसतं बघून माझं भागेना. मी तळाशी ओलं फडकं अंथरलं आणि सकाळ-संध्याकाळ पेटी उघडायला लागले. एकेक सिगार नळीतून काढायची, वास घ्यायची, उलटी करून परत सरकवायची. पेटी उघडली की काटा धाडकन खाली यायचा. मग मी फडकं आणखी भिजवायची. बंद केली की काटा ऐंशीच्या पार. माझा जीव त्या काट्याबरोबर वरखाली. जेवताना उठून जायची, घरी जाताना फाटकापासून परत फिरायची.

आमचे कॅप्टन, म्हणजे रेस्टॉरंटमधले सगळ्यात जुने वाढपी, दारात उभं राहून बघायचे. "क्या मॅडम, मुर्गी बी इत्ता नै बैठती अंडे पे!"

दहाव्या दिवशी तीन सिगारींवर पांढरी लव दिसली. बुरशी.

कॅप्टननी दार लोटून घेतलं. "पोंछ के नली में डालो, ढक्कन कसो. अंदर कौन देखता? पाहुणे घेऊन जातील, आपल्या देशात जाऊन उघडतील. तुमची नोकरी राहील ना!"

त्यांचं खोटं नव्हतं. नळी म्हणजे सोयच होती, बाहेरून सगळ्या सारख्याच. मी खरंच एक झाकण हातात घेतलं. दोन आटे फिरवले. आणि थांबले. नासकं पान विड्यात दडवून वडिलांनी कधी गिऱ्हाइकाला दिलं नव्हतं. मग मी शिकून काय केलं?

तिन्ही नळ्या घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी नळ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पानं सांभाळायला शिकवू नका, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"हो साहेब."

"उरलेल्या सदतीस पाहुण्यांसमोर धड गेल्या, तरच तुमच्या कायम होण्याच्या कागदावर माझी सही. नाही तर नाही."

साहेबांना विचारूनच त्या बुरशी आलेल्या तिघींतली एक घरी नेली. वडिलांनी नळी हातात धरून बघितली. "आपण सहा जणं एका खोलीत, अन् हिला एकटीला खोली! दार बी हाय!"

आईनं मात्र सिगार नाकाशी नेली, बोटांत दाबली. "किती येळा फिरवायलीस?"

"रोज दोनदा."

"आगं येडे! हिरवं पान जित्तं असतंय, म्हणून फिरवावं लागतंय. हे वाळलेलं. मेल्याला कुणी कूस बदलायला लावतंय व्हय? अन् वाळल्या पानाला पाणी दाखवायचं असतं, पाजायचं नाय. कौलाचा तुकडा भिजव, पुसून कोपऱ्यात ठेव. अन् हात बांधून बस."

फडकं फेकून दिलं. पेटी आतून पुसून वाळवली. कौलाचा तुकडा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवला, पुसला, बशीत घालून कोपऱ्यात ठेवला. दोन दिवसांनी काटा अडुसष्टवर आला आणि तिथंच राहिला. आता करायचं काही नव्हतं, आणि तेच मला जमत नव्हतं. शेवटी किल्ली कॅप्टनकडं दिली. "मी रडले तरी द्यायची नाही. आठवड्यातून एकदाच, कौल भिजवायला."

"रोने की बात नै, पैर पडी तो बी नै देता," ते म्हणाले, आणि खरंच दिली नाही. मे महिना मी तसाच काढला. बाहेर बेचाळीस डिग्री, आत काचेवर माझं नाक. नळीच्या उघड्या तोंडाशी काल दिसलेला ठिपका बुरशीचा की पानाचाच? उघडल्याशिवाय कळणार नाही आणि उघडायचं नाही. तांदळाची पोती मोजताना आकडा विसरायची, पुन्हा पहिल्यापासून मोजायची. रात्री हात आपोआप पांघरुणाच्या घड्या उलटसुलट करायचे. आई म्हणायची, "निज की गप."

पाहुणे आले त्या संध्याकाळी साहेबांनी स्वतः पेटी उघडली. एक नळी उचलली, सिगार बाहेर काढली, कानाशी धरून दोन बोटांत हलकीच दाबली. कडकड नाही. बोटं सोडली तशी ती पुन्हा फुगली. मग दुसरी. मग तिसरी. त्यांनी एकेक करून सगळ्या सदतीस बघितल्या. एकही बाजूला काढली नाही.

"पाठवा वर," एवढंच म्हणाले.

सदतीसच्या सदतीस गेल्या. त्याच महिन्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं. आमच्या घरात कायम नोकरी मिळवलेली मी पहिली.