त्यांच्या कानातला माग

माझ्या नवऱ्याच्या कानात शिट्टी वाजते. दिवसभर, कुणी न वाजवता. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या विणकरांना विचारलं तर बहुतेकांच्या कानात काही ना काही वाजत असतंच, पण त्यासाठी कुणी डॉक्टरकडं जात नाही. आम्ही गेलो, आणि तिथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

डॉक्टर म्हणाले, "यावर गोळी नाही मावशी. सवय करून घ्यायची."

सवय! यांनी जन्मभर दुसरं केलं काय? यंत्रमागाच्या शेडमध्ये टॉवेल विणताना कानात घालायला मालकानं कधी काही दिलं नाही. वाया गेलेल्या सुताचा बोळा करून आम्हीच कोंबायचो, तोही घामानं भिजून गळून पडायचा. मालकाचं ऑफिस रस्त्यापलीकडं, काचेच्या दाराआड. तिथं बसून तो म्हणायचा, मागाचा आवाज म्हणजे लक्ष्मीची पावलं. पावलं आमच्या कानांवरून गेली आणि लक्ष्मी तिकडं जाऊन बसली. आज तो भेटला तर मी त्याला हे तोंडावर सांगेन.

मोबाईलवरच्या अ‍ॅपचं डॉक्टरांनीच सुचवलं. त्यात पाऊस, झरा, समुद्र असे आवाज असतात. ते लावून ठेवायचे, पण शिट्टीपेक्षा जरा बारीकच, म्हणजे हळूहळू मन शिट्टीकडं लक्ष द्यायचं सोडतं. लेक पुण्याहून आली होती. तिनं अ‍ॅप घालून दिलं, इयरफोन आणून दिले आणि चार दिवसांनी ती परत गेली.

ते अ‍ॅप उघडलं की आधी विचारतं, आज कसं वाटतंय? खाली तीन तोंडं असतात, एक रडकं, एक आंबट, एक हसरं. हे रोज हसरं दाबायचे.

"अहो, खरंच बरं वाटतंय का?" मी विचारलं.

"न्हाय गं. पण ते दाबलं की लवकर फुडं जातंय."

वर ते अ‍ॅप यांना शाबासकीची चांदणी द्यायचं! माणूस आत पिचतोय आणि याला चांदण्या सुचतायत. मला तो फोन हौदात बुडवावासा वाटायचा.

खरी चूक मात्र पुढंच झाली. 'बारीक ठेवा' हे शेडमध्ये हयात गेलेल्या माणसाच्या डोक्यात शिरतच नाही. तिथं एकच रीत, एका मागाची कटकट नको झाली की शेजारचा माग चालू करायचा, पहिला ऐकू येत नाही. यांनी समुद्र होता तेवढा मोठा केला. शिट्टी बुडाली, पण समुद्राशी यांचं जमेना. "नुसतं खळाखळा. कुटं काय चाललंय, कुटं काय तुटलंय, कायबी कळत न्हाय," म्हणाले. मग एके दिवशी गल्लीच्या टोकाला अजून चालू असलेल्या शेडमध्ये गेले आणि मागांचा आवाज फोनमध्ये भरून घेऊन आले. अ‍ॅपमध्ये आपला आवाजही घालता येतो, हे लेकीनं फोनवरून शिकवलं. शहाणीच!

मी भाजी घेऊन आले तर हे खुर्चीत डोळे मिटून बसलेले, पाय ठेक्यात हलतोय, चेहरा अगदी निवांत. मी एका कानातला इयरफोन काढून माझ्या कानाला लावला. खटाक् खटाक्, पुऱ्या जोरात. ज्यानं कान खाल्ले त्यालाच परत कानात बसवलं होतं.

पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, ऐकू येणं आणखी कमी झालंय, आता उरलंय तेवढं तरी जपा. हे घरी आले आणि इयरफोन घालून बसले. मी भांडी आपटली, ओरडले, दार आपटलं. काही नाही. शेवटी समोर उभी राहून, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाले, "जेवायला चला."

यांनी ओठांनीच उत्तर दिलं. "भाकरी कडक हाय का मऊ?"

शेडमध्ये आम्ही सगळे असंच बोलायचो. मी सुताच्या कांड्या भरायचे, हे मागावर असायचे. लग्नाआधी यांचा आवाज मी धड ऐकलाच नव्हता, ओठच पाहिले होते. त्या दुपारी कित्येक महिन्यांनी हे माझ्याशी भरभरून बोलले, कानात माग वाजत असताना. आणि मी भांडले. मालकाला, डॉक्टरांना, लेकीला, यांना, सगळ्यांना शिव्या दिल्या, ओठांनी. भिंतीपलीकडच्या शेजारणीला चकार शब्द कळला नाही. पण मनात आग होतीच. नवरा बोलायला हवा असेल तर त्याचे उरलेले कान मागाला द्यायचे, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवसापासून हे दूध आणायला गेले की मी फोनमधल्या आवाजाची एक रेघ कमी करू लागले. गुपचूप.

परवा चहा घेऊन आले तेव्हा यांनी ओठांनी विचारलं, "माग बारीक झालाय का गं?"

मला संताप आवरला नाही. मीही ओठांनीच सांगितलं, "माग हाय तसाच हाय. तुमचे कान गेले."

यांचा चेहरा पांढरा पडला. दोन्ही इयरफोन ओढून काढले आणि मोठ्यानं म्हणाले, "बोल बघू कायतरी. बोल की!"

इतके महिने हेच ऐकायला मी जिवाचा आटापिटा केला होता. हे माझ्या ओठांकडं टक लावून बघत होते. मी पदर तोंडावर घेतला, ओठ दिसणार नाहीत असा, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चहा निवतोय."

मांडीवरच्या इयरफोनमधून मागाची बारीक खटखट येत होती.

"निवू दे," हे म्हणाले. "आणिक बोल."