शांत केलेला दिवा

टाकव्याच्या पेठेत मोबाइलपासून मिक्सरपर्यंत काहीही दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. मी त्याला भाऊ म्हणतो, तोही मला भाऊच म्हणतो. त्यात नाव विचारायचं राहून गेलं.

मी घरी सुटे भाग जुळवून केलेला, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम त्याच्याकडे नेला. वडिलांसाठी बनवला होता, पण पडदा इतका भगभगीत की मोतीबिंदू काढलेल्या त्यांच्या डोळ्यांना टोचायचा.

"वडिलांच्या डोळ्यांना टोचतो. पडद्यामागचा दिवा थोडा विझवता येईल का?" मी विचारलं.

त्याची सोल्डर गन हवेतच थांबली. "इझवता म्हनू नगा, भाऊ. दिवा शांत करायचा असतो."

एवढ्याशा एलईडीला कसलं आलंय सोवळं, असं मला वाटलं. दुकानात ढग शिरला होता. श्रावणात आमच्याकडे ढगही गिऱ्हाइकासारखे आत येऊन उभे राहतात. त्या धूसर उजेडात त्याने गेम उघडून आतल्या सर्किटवरची, दिव्याकडे जाणारी तांब्याची रेघ खरवडून तोडली आणि मधे जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण जोडलं. मग निरांजन वाऱ्यातून न्यावं तसा पडद्याला तळहाताचा आडोसा धरून बटण फिरवलं. उजेड हळूहळू चांदण्यासारखा मऊ झाला.

घरी खेळता खेळता वडिलांचा डोळा लागला. मी बटण शेवटपर्यंत उलटं फिरवलं, तरी पडद्यावर उजेड पुसटसा उरलाच.

दुसऱ्या दिवशी तक्रार केली, "भाऊ, दिवा पूर्ण जात नाही."

"व्हय, मुद्दाम ठिवलाय तेवढा," तो म्हणाला. "घरात म्हातारं मानूस हाय न्हवं?"