मोटेवरची शिवी

आज मोटरपंप पुन्हा बंद पडला, तशी मी त्याला सणसणीत शिवी हासडली. नातसून म्हणाली, "आजी, शिव्या कावून देता?"

काय सांगू हिला! इंग्रजांच्या राज्यात, पातूरच्या आमच्या मळ्यात वांगी सुकायला लागली होती. नवऱ्याच्या तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी सासूनं मला विहिरीवर मोट हाकायला उभं केलं. रडायला सवड कुठली! बैल हलेनात. मी चुचकारलं, हात जोडले. सासू ओरडली, "त्याच्यावानी शिवी दे, मंग चालतीन!" तेरा दिवस मुकी बसलेली मी वैतागून नवऱ्याची मोटेवरची नेहमीचीच शिवी ओरडले. बैलांनी मागं वळून पाहिलं आणि ते निमूट चालू लागले. मोटेच्या ओल्या चामड्याचा वास आला, पाणी वाफ्यात गेलं, तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

नवऱ्याचा फोटो कधी निघालाच नाही. त्याचं म्हणून माझ्याजवळ तेवढी शिवीच आहे.