जर्मनची चतुर्थी

सत्तरच्या दशकात जर्मन शिकायला मी सायकलीने नागपूरच्या रामदासपेठेत जायचो. जर्मनीतल्या कारखान्यात कामाचं शिक्षण घ्यायचं, तर आधी भाषेची परीक्षा पास होणं भाग होतं, आणि मला काहीही करून बाहेर पडायचं होतं. वर्ग सुटला की बाकीची मुलं टपरीवर चहा पीत आपसात जर्मन झाडायची. मला कोणी बोलवायचं नाही. मीही मानी, आपणहून कशाला जाईन? पण घरी येईपर्यंत फार एकटं वाटायचं.

माझं घोडं अडलं वेळेच्या शब्दांपाशी. आपण 'सोमवारपासून', 'जेवणानंतर' म्हणून मोकळे होतो. जर्मनमध्ये 'पासून', 'नंतर' असे शब्द नामाच्या आधी येऊन उभे राहतात, आणि मग त्या नामाला कधी चतुर्थी लागते, कधी द्वितीया. आमच्या घरी 'मले', 'तुले' एवढ्या एका 'ले'वर दोन्हींचं भागायचं! शेवटी घोकंपट्टीच करायची ठरवली.

घरात आई आणि मी, दोघंच. संध्याकाळी ती बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची. आमच्याकडे वंदना एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून. ती झाली की मी तिथेच बसून, त्याच चालीवर, पाठ सुरू करायचो: आधी जर्मन शब्द, मग त्यांची विभक्ती. एकदा मी "झाइट, फोर, नाख", म्हणजे 'पासून, आधी, नंतर', म्हटलं, तर आई हात जोडून मागून म्हणाली, "चतुर्थी." तिला ही वंदनाच वाटली, असं समजून मी मनातल्या मनात हसलो. मग ते रोजचंच झालं. "बिस, फ्युर, उम," मी म्हणायचो. "द्वितीया," आई म्हणायची.

मी नापास झालो. पुस्तक ट्रंकेत टाकलं आणि पाठ बंद केला. त्या आठवड्यात एका संध्याकाळी वंदना संपली तरी आई हात जोडून तशीच बसून राहिली, माझ्या सुरुवातीची वाट बघत.

मी चिडलो. "आई, ती वंदना नव्हती!"

"मले मालूम आहे न, बापू. मी का पागल आहो? तू एकटाच म्हणून राहिला होता. एकट्याले काहून म्हणू द्याचं?"



आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी नागपुरातच राहिलो. वंदना झाली की कधीकधी तोंडातून "झाइट, फोर, नाख" निघून जातं. मी थोडा थांबतो. मग "चतुर्थी"ही मीच म्हणतो.